गटाराच्या तोंडाशी रंगवलेला मासा

लोकशिक्षणाच्या मोहिमेचे परीक्षण करताना तिचा हेतू चांगला आहे की नाही, या प्रश्नात फार वेळ घालवू नये. हेतू बहुधा चांगलाच असतो. तपासायच्या गोष्टी वेगळ्या असतात. मोहीम जे सांगते ते खरे आहे का, ते पुरेसे आहे का, आणि ते ऐकून माणूस स्वतः विचार करू लागतो का? शहरातून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याचे प्रदूषण टाळावे म्हणून अमेरिकेत गेली तीसहून अधिक वर्षे जे लोकशिक्षण चालू आहे, ते या तीन कसोट्यांवर घासून पाहण्याचा आमचा विचार आहे.

हा दूरदेशीचा विषय येथे कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की या मोहिमेची भित्तिपत्रके, खेळ आणि तयार पाठ आता कोणत्याही शिक्षकाला घरबसल्या मिळू शकतात. पर्यावरणाच्या तासाला काय करावे या विवंचनेत असलेल्या शिक्षकाला ते आकर्षक वाटणे साहजिक आहे. ते जसेच्या तसे उचलण्यापूर्वी त्यांतले काय घ्यावे आणि काय सोडावे, हे ठरवलेले बरे.

एक कायदा, सहा कलमे

घरातील मोरी, न्हाणीघर आणि संडास यांचे पाणी मलवाहिनीतून शुद्धीकरण केंद्राकडे जाते. रस्त्यांवर आणि छपरांवर पडलेले पावसाचे पाणी मात्र बहुतेक अमेरिकी शहरांत वेगळ्या गटारांतून थेट ओढ्याला, नदीला किंवा समुद्राला मिळते. वाटेत त्यावर सहसा कोणतीही प्रक्रिया होत नाही. (दोन्ही पाणी एकाच वाहिनीतून नेणारी जुन्या घडणीची सुमारे ७०० गावे व शहरे तेथे आहेत, त्यांचा प्रश्न निराळा.) पाऊस पडला की रस्त्यावरची धूळ, वाहनांतून ठिबकलेले तेल, बागेतले खत, कुत्र्यांची विष्ठा, झाडांचा पाचोळा असे सारे काही या पाण्याबरोबर नदीत जाते. बऱ्याच दिवसांच्या उघडिपीनंतरच्या पहिल्या सरीचे पाणी विशेष गढूळ असते, हे आपणही पाहतो.

अमेरिकेत १९७२ साली स्वच्छ पाण्याचा कायदा झाला, तेव्हा सर्वांचे लक्ष कारखान्यांच्या आणि मैलापाण्याच्या नळांकडे होते. १९७८ ते १९८३ या काळात तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने देशभरात २८ ठिकाणी शहरी पावसाच्या पाण्याची पाहणी केली. त्यात तांबे, शिसे आणि जस्त हे धातू सर्रास आढळले. पुढे १९८७ साली कायद्यात दुरुस्ती झाली. १९९० च्या नियमांनी एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांना आणि १९९९ च्या नियमांनी लहान नगरपालिकांना पावसाळी गटारांसाठी परवाना घेणे भाग पडले.

१९९९ च्या नियमांत नगरपालिकेने किमान सहा गोष्टी कराव्यात असे सांगितले आहे. लोकशिक्षण, लोकांचा सहभाग, गटारांत चोरून सोडलेले सांडपाणी शोधून बंद करणे, बांधकामाच्या जागेवरील माती वाहू न देणे, बांधकाम पुरे झाल्यावरही पाण्याची व्यवस्था राखणे, आणि नगरपालिकेने स्वतःची कामे स्वच्छ रीतीने करणे. यादीत लोकशिक्षण पहिले आहे. रस्त्याच्या कडेला, गटाराच्या तोंडाशी मुलांकडून माशाचे चित्र रंगवून घ्यायचे आणि 'येथे काही टाकू नका, हे पाणी नदीला मिळते' असे लिहायचे, हा या मोहिमेतला सर्वांत लोकप्रिय उपक्रम. लहानमोठ्या शेकडो गावांतून असे मासे रंगवले गेले आहेत.

माशाचे श्रेय

प्रथम या माशाला त्याचे श्रेय दिले पाहिजे. जमिनीखालची वाहिनी कोणाला दिसत नाही. गटाराच्या जाळीत टाकलेली वस्तू 'गेली' असे आपण म्हणतो आणि विसरतो. ती कोठे गेली, हा प्रश्न तो मासा विचारायला लावतो. भूगोलाच्या पुस्तकातली नदी आणि आपल्या गल्लीतले गटार यांचा संबंध एका चित्रात जोडणे, ही शिक्षणाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. शिवाय ते विधान खरे आहे. पहिल्या कसोटीवर मोहीम उतरते.

अडचण पुढे आहे. माशाच्या शेजारी जी सूचनांची यादी येते तीत गाडी रस्त्यावर धुऊ नका, तेल ओतू नका, खत बेताने घाला, कुत्र्याची विष्ठा उचला, असे सांगितलेले असते. यांतली एकही सूचना चुकीची नाही. पण सारी यादी वाचून मुलाच्या मनात असे चित्र तयार होते की नदीचे दुखणे म्हणजे बेफिकीर माणसांच्या लहानसहान चुकांची बेरीज. हे चित्र अपुरे आहे, आणि ते कसे अपुरे आहे हे दोन शहरांच्या अनुभवातून स्पष्ट होते.

सिॲटलचे सॅमन

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिॲटल शहरात लाँगफेलो नावाचा एक ओढा आहे. कोहो जातीचे सॅमन मासे समुद्रात वाढतात आणि अंडी घालण्यासाठी शरद ऋतूत अशा गोड्या पाण्याच्या ओढ्यांत परत येतात. १९९० नंतरच्या दशकात शहराने आपले ओढे सुधारण्याचे काम हाती घेतले. मासे परतले, पण पावसाच्या सरीनंतर ते पाण्याच्या पृष्ठभागी येऊन धापा टाकत, दिशा हरवल्यासारखे फिरत आणि काही तासांत मरत. माद्या पोटात अंडी तशीच ठेवून मरत होत्या. या भागातील शहरी ओढ्यांत परतलेल्या कोहोंपैकी ४० ते ९० टक्के मासे असे मरताना आढळले.

संशोधकांनी एकेक शक्यता तपासली. पाण्याचे तापमान, प्राणवायू, रोग, कीटकनाशके यांपैकी कशानेच उलगडा होईना. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट समजली. महामार्गावरून वाहिलेल्या पाण्यात कोहो मरत. परंतु रस्त्यावरच्या पाण्यात नेहमी आढळणारे धातू आणि तेलातील हायड्रोकार्बन प्रयोगशाळेत एकत्र करून केलेल्या मिश्रणात ते मरत नव्हते. म्हणजे पत्रकांत ज्यांची नावे होती, ते आरोपी या गुन्ह्यापुरते निर्दोष होते.

खरा आरोपी डिसेंबर २०२० मध्ये सापडला. टायरचे रबर हवेतील ओझोनमुळे तडकते. ते तडकू नये म्हणून जवळजवळ सर्व टायरांत '६-पीपीडी' नावाचे रसायन घालतात. ते रबरापूर्वी स्वतः ओझोनशी संयोग पावते आणि त्यातून '६-पीपीडी-क्विनोन' हा पदार्थ तयार होतो. टायर झिजतो, त्याची धूळ रस्त्यावर पडते, आणि पावसाबरोबर हा पदार्थ ओढ्यात जातो. २०२२ साली याच संशोधकांनी सुधारून दिलेल्या आकड्यानुसार लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅमहूनही किंचित कमी मात्रेत निम्मे कोहो मरतात. हे प्रमाण किती सूक्ष्म आहे? २५ लाख लिटरच्या ऑलिंपिक जलतरण तलावात केवळ पाव ग्रॅम. आणखी एक नवल असे की त्याच पाण्यात चम जातीचे सॅमन मात्र जगतात.

येथे थांबून विचार करावा. या परिसरातील एखाद्या कुटुंबाने पत्रकातील प्रत्येक सूचना काटेकोरपणे पाळली असती, गाडी कधीही रस्त्यावर धुतली नसती, तेलाचा थेंब सांडू दिला नसता, तरी गाडी चालवण्याने कोहो मेलेच असते. पत्रके लिहिणाऱ्यांना टायरमधील रसायनाची माहिती असणे शक्य नव्हते, म्हणून त्याचा दोष त्यांना देता येणार नाही. दोष आहे तो यादी पूर्ण असल्याचा आव आणण्यात. 'आम्हांला अजून सर्व कारणे ठाऊक नाहीत' हे वाक्य विज्ञानाच्या पाठात शोभते, नव्हे, आवश्यक असते. या मोहिमेच्या भित्तिपत्रकांवर ते आमच्या पाहण्यात आलेले नाही.

उपाय कोठून आले, हेही पाहण्यासारखे आहे. २०१६ च्या त्याच प्रयोगांत असे दिसले होते की वाळू आणि कंपोस्ट यांच्या थरांतून गाळलेले रस्त्याचे पाणी कोहोंना मारत नाही. मारणारे रसायन कोणते हे कळण्यापूर्वीच उपाय हाती आला होता. ऑक्टोबर २०२३ पासून कॅलिफोर्निया राज्याने टायर कारखानदारांना ६-पीपीडीला पर्याय शोधणे बंधनकारक केले. रस्त्याकडेची गाळणी नगरपालिकेने बांधायची आणि टायरची घडण कारखान्याने बदलायची. नागरिकाच्या हाती उरते ते या दोघांकडे मागणी करणे.

ऑस्टिनचे डांबर

दुसरे उदाहरण टेक्सास राज्यातील ऑस्टिन शहराचे. तेथील ओढ्यांच्या गाळात बहुचक्री अरोमॅटिक हायड्रोकार्बन वर्गातील संयुगे फार प्रमाणात आढळत. यांतील काही कर्ककारक आहेत. वाहनांचा धूर आणि ठिबकणारे तेल यांतून ती येत असावीत, असा सर्वसाधारण समज होता. शहराच्या आणि भूगर्भीय सर्वेक्षण खात्याच्या संशोधकांनी वाहनतळांवरून वाहणाऱ्या पाण्यातील कण तपासले. वाहनतळ काळाभोर दिसावा आणि टिकावा म्हणून त्यावर दगडी कोळशापासून मिळणाऱ्या डांबराचा लेप देण्याची तेथे पद्धत होती. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, लेप दिलेल्या वाहनतळांवरील कणांत या संयुगांचे प्रमाण लेप नसलेल्या वाहनतळांच्या सुमारे ६५ पट होते.

२००६ पासून ऑस्टिनने या लेपावर बंदी घातली. शहरातील तळ्याच्या गाळाचे थर पुढे तपासले असता या संयुगांचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. एकेका मोटारमालकाला तेलगळतीविषयी कितीही पत्रके वाटली असती, तरी ही घट झाली असती असे मानायला आधार नाही.

ब्रेकच्या बाबतीतही हीच वाट धरली गेली. ब्रेक पॅड झिजून रस्त्यावर तांबे पडते, म्हणून कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१० साली कायदे करून पॅडमधील तांब्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने उतरवले. लोकांनी ब्रेक कमी दाबावा, असे कोणी सुचवले नाही!

शिक्षण कोठे उपयोगी पडते?

यावरून लोकशिक्षण निरुपयोगी आहे असा निष्कर्ष कोणी काढील, तर तोही घाईचा ठरेल. मिनेसोटातील सेंट पॉल शहराच्या परिसरातील २०१७ च्या अभ्यासात घरगुती आवारांतून येणाऱ्या फॉस्फरसमध्ये पाळीव प्राण्यांच्या विष्ठेचा वाटा मोठा आढळला. तेथे विष्ठा उचलण्याची सूचना नेमक्या ठिकाणी लागू पडते. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन शहरात शरद ऋतूत रस्त्यावरचा पाचोळा नियमाने उचलल्यावर पावसाच्या पाण्यातून जाणारा एकूण फॉस्फरस ८४ टक्क्यांनी घटला, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. असा पाचोळा उचलण्यासाठी नगरपालिकेची गाडी लागते, आणि गाडी येण्यापूर्वी तो रस्त्यावरून बाजूला करणारा रहिवासीही उपयोगी पडतो.

या उदाहरणांवरून एक साधा निकष मांडता येतो. नागरिकांना सूचना देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. प्रदूषणाचा उगम खरोखर नागरिकाच्या हातात आहे का? एकूण प्रदूषणात त्याचा वाटा दखल घेण्याजोगा आहे का, आणि तो मोजलेला आहे का? सूचना पाळायची तर तशी सोय उपलब्ध आहे का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तेथे शिक्षणाने गुण येतो. एकही उत्तर नकारार्थी असेल, तर आपण लोकांच्या माथी नुसता अपराधीपणा मारत असतो.

मोजायचे काय?

आमचा आणखी एक आक्षेप मोजमापाविषयी आहे. पत्रके किती वाटली, कार्यक्रमांना किती लोक आले, मासे किती रंगवले, हे मोजणे सोपे असते. ओढ्याचे पाणी सुधारले का, हे मोजणे अवघड आणि खर्चाचे असते. त्यामुळे अहवालांतून पहिल्या प्रकारचे आकडे भरपूर आढळतात आणि दुसऱ्या प्रकारचे क्वचित. परवान्यांतील अटी स्पष्ट, नेमक्या आणि मोजता येण्याजोग्या असाव्यात, अशी सुधारणा नियमांत व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. वर्गात जी चूक आपण रोज टाळतो, तीच येथे घडते. फळ्यावर किती लिहिले यावरून मुलांना किती समजले हे कोणताही जाणता शिक्षक ठरवत नाही.

पत्रके एका बाबतीत बहुधा मूक असतात. ती पाण्यात काय मिसळते ते सांगतात. पाण्याविषयी मात्र काही बोलत नाहीत. झाडी असलेल्या जमिनीवर पडलेल्या पावसापैकी सुमारे १० टक्के पाणी पृष्ठभागावरून वाहते, तर बहुतांश भाग सिमेंट-डांबराखाली गेलेल्या वस्तीत हे प्रमाण सुमारे ५५ टक्क्यांवर जाते. घाण वाहून नेणारे वाहन म्हणजे हे जादा पाणी. ते जमिनीत मुरले तर घाणही बरीचशी तेथेच अडते. पण हे सांगायचे तर रस्ते, वाहनतळ आणि इमारती कशा बांधाव्यात, हा प्रश्न येतो. तो घरमालकाला 'गाडी हिरवळीवर धुवा' असे सांगण्याइतका निरुपद्रवी नाही.

आपण काय घ्यावे?

आता आपल्या शाळांकडे वळू. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतही मलवाहिन्या आणि पावसाळी गटारे वेगळी असावीत अशी योजना आहे. प्रत्यक्षात मिठी किंवा मुठा या नद्यांना मिळणाऱ्या अनेक नाल्यांतून प्रक्रिया न केलेले सांडपाणी वाहते. म्हणून अमेरिकी पत्रकाचे भाषांतर येथे लावले, तर ते पहिल्याच कसोटीवर घसरेल. 'गटारात फक्त पाऊस जाऊ द्या' असे त्या मुलाला काय म्हणून सांगायचे, ज्याच्या वस्तीतल्या न्हाणीघराचे पाणी जायला नाल्याखेरीज दुसरी वाटच नाही? तिसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे सोयीच्या प्रश्नाचे, उत्तर तेथे नकारार्थी आहे.

पण त्या सहा कलमांतले तिसरे कलम मात्र आपल्या फार कामाचे आहे. चोरून सोडलेले सांडपाणी शोधण्यासाठी तेथे एक सोपी युक्ती वापरतात. पाऊस नसलेल्या दिवसांत पावसाळी गटाराचे मुख पाहायचे. त्यातून पाणी वाहत असेल तर ते पावसाचे नव्हे. कोठून आले, याचा शोध घ्यायचा. (काही ठिकाणी झऱ्याचे किंवा फुटलेल्या नळाचे पाणीही असू शकते.) आपल्याकडे पाऊस चार महिन्यांत आटोपतो. त्यामुळे ही तपासणी करायला आपल्याइतकी सोय कोणाला नाही. एप्रिल-मे महिन्यांत शाळेजवळचा नाला वाहतो का, त्याचा रंग, वास आणि फेस कसा आहे, याची नोंद मुलांनी पुलावरून किंवा काठावरून करावी. नाल्यात उतरू नये आणि पाण्याला हात लावू नये, हे शिक्षकांनी कटाक्षाने पाहावे. ऑगस्टमध्ये पुन्हा नोंद करावी आणि दोन्हींची तुलना करावी.

दुसरा उपक्रम नकाशाचा. शाळेच्या छपरावर पडलेला थेंब कोणत्या गटारात, तेथून कोणत्या नाल्यात, तेथून कोणत्या नदीत जातो, हे पहिल्या पावसात मुलांनी शोधावे. सोबत गणित घालावे. ५०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर ५,००० लिटर पाणी होते. हे पाणी गेले कोठे?

तिसरा उपक्रम दोन तिरक्या पाट्यांचा. एकीत गवतासह माती आणि दुसरीत फरशीचा तुकडा ठेवून दोन्हींवर झारीने सारखेच पाणी शिंपडावे, आणि खाली वाहून आलेले पाणी मोजपात्रात मोजावे. नंतर फरशीवर थोडी राख पसरून पहिल्या ग्लासातले आणि पाचव्या ग्लासातले पाणी शेजारी शेजारी ठेवावे. पहिल्या सरीचे पाणी गढूळ का, याचे उत्तर मुले स्वतः देतील.

आणि शेवटी, वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी आपल्या नोंदी जोडून नगरपालिकेला एक पत्र लिहावे : हा नाला मे महिन्यात का वाहतो? उत्तर येवो अथवा न येवो, प्रश्न नोंदींच्या आधारे विचारला गेला, ही त्यातली महत्त्वाची गोष्ट.

मासा रंगवायला आमची हरकत नाही. रंगवून झाल्यावर मुलांनी सूचनांची यादी पाठ केली, तर त्यांना शिस्त लागेल. त्या माशाला नेमके काय मारते, ते कोणी मोजले, आणि ते थांबवणे कोणाच्या हातात आहे, असे त्यांनी विचारले तर विज्ञानाचा तास सार्थकी लागेल. सिॲटलचा मासा कशाने मरतो हे वीस वर्षांनी कळले, ते असे विचारत राहिलेल्या माणसांमुळेच.